काशीरामच्या होडीची फळी

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय अजून सरसात ओला आहे. या बाकावर बसा. आणि तो तुमचा अँप्लिफायर तिकडं खिडकीशी ठेवा, इथं भुसा उडतो. थांबा, दिवा जरा पुढं घेतो. हां… काम सुरेख केलंय हो! वायरी नीट बांधल्यात, ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हपासून लांब बसवलाय. घरी बसून केलंत म्हणता, मग शाबासकी द्यायलाच पाहिजे. पेटी करून देईन. वर पितळी जाळी, मागं हवेला भोकं, पुढं लाल दिव्यापुरती खाच. व्हॉल्व्हच्या काचा दिव्यासारख्या तापतात, त्यांना कोंडून चालत नाही. आठवड्याचं काम आहे.

फक्त एक अट. लाकूड माझं. ती तुम्ही आणलेली जुन्या सागाची फळी उचला आणि परत न्या. नाही, वाईट कुठं आहे? चांगली आहे, असा साग आता मिळत नाही. तरी न्या. कुठून आणलीत तेही मला सांगू नका. रागावू नका हो! सात वर्षं झाली, मी गिऱ्हाईकानं आणलेल्या लाकडाला हात लावलेला नाही. पनवेलच्या बाजारात माझ्या पाठीमागं लोक म्हणतात, तुळशीराम सुतार चक्रम झालाय. म्हणू देत. तुम्हांला घाई नसेल तर सांगतो, आणि मग तुम्हीच ठरवा.

साठ सालचा आश्विन संपत आला होता. दुपारचा कमळाकर कोळी दुकानात आला, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. कमळाकर म्हणजे तो रेडिओ दुरुस्तीवाला. लढाईत आरमारात वायरलेसवर होता, तिथं ही विद्या शिकला. कोळीवाड्यातला पोरगा, पण हात सोनाराचा. दीड वर्ष खपून त्यानं अँप्लिफायर बांधला होता. मुंबईला लष्कराचं मोडीत निघालेलं सामान विकायला येतं, तिथून एकेक व्हॉल्व्ह निवडून आणलेला. मी तो बघितला होता. पाटावर उघडाच ठेवलेला, पण आवाज असा, की गाणारा बाजूच्या खोलीत बसलाय.

"तुळशीरामदादा, पेटी पायजे," तो म्हणाला. "पन अशी, की माज्या आयशीला बघताक्षणी तिच्यावर हात फिरवावासा वाटला पायजे."

"कृष्णाबाईंना गाण्याची हौस कधीपासून?" मी आपला थट्टेनं विचारलं.

"गान्याची नाय, दादा. लाकडाची." त्यानं गोणपाट सोडलं. आत डांबरानं काळी पडलेली फळी होती, चार हात लांब, दोन बोटं जाड. "माज्या बापसाच्या होडीची हाय."

मी रंधा खाली ठेवला. ठेवला म्हणजे काय, हातातून सुटलाच.

त्याचा बाप काशीराम कोळी. अठ्ठेचाळीस साली कार्तिकात ते मोठं वादळ झालं, तेव्हा वादळाच्या तोंडावर जाळं काढायला एकटा होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. होडी मागाहून किनाऱ्याला लागली, उलटी. खाली कोणी नव्हतं. प्रेत नाही, हाड नाही, डोक्यावरची टोपी नाही. लोक उठवतात तशा वावड्या उठल्या, आगबोटीनं उचलला आणि एडनला नेला म्हणे. कृष्णाबाईनं ते धरून ठेवलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि कोणी काही बोललं की एकच प्रश्न: "मेलेला कोनी पायला?"

ती होडीही तिनं मोडू दिली नव्हती. खाडीच्या काठी चार दगडांवर उभी केलेली. घरचं माणूस असावं तसं ती होडीला तेल लावायची.

"आता बारा वर्सं भरतात," कमळाकर सांगत होता. "भटजी म्हनतात, प्रेत नसलं तर बारा वर्सांनी पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मंग त्याचं पुढलं सगलं. नाय तर बापूस अडकून ऱ्हाईल. आयस ऐकत नव्हती. गेल्या महिन्यात कशीबशी कबूल झाली. म्हनाली, होडी जाळा पुतल्यासंगं, पन तिची एक फळी घरात ऱ्हायली पायजे. भिंतीला टांगलेली नको, बसायचा पाट नको. हात लावला की त्यो लावल्यासारखं वाटंल, असं कायतरी करा. पेटी तिच्या मनात भरली तर कार्तिक वद्य षष्ठीला विधी. नाय भरली, तर नाय."

म्हणजे बघा. एका माणसाची गती आणि एका बाईचं कुंकू, दोन्ही माझ्या रंध्यावर येऊन ठेपलं होतं. मी "बरं" म्हणालो. फळी घेतली. तिच्याकडं न बघता ती भिंतीला टेकवून ठेवली.

का ते आता सांगतो. बारा वर्षं मी हे माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ते वादळ झालं तेव्हा मी मोरा बंदरात होतो. एका मीठवाल्याच्या घराची दारं-चौकटी करायला गेलो होतो. वादळ ओसरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काळूराम तांडेलाचा मचवा पनवेलला निघाला, त्यात मी चढलो. आम्ही सहा माणसं. वारा पडलेला. आभाळ राखेसारखं. पाण्यावर छपरांचं गवत, केळीचे खुंट, मेलेल्या कोंबड्या तरंगत होत्या, आणि कुजकट वास असा, की सगळ्यांनी नाकाला पंचे लावलेले. ज्यानं त्यानं आपापलं घर डोळ्यांपुढं आणलं होतं, उभं असेल की नाही म्हणून.

पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी एक होडी उलटी तरंगताना दिसली. काळा तळ वर. कोणाची ते कसं कळणार? आम्ही दहा हातांवरून चाललो होतो. आणि होडीतून ठोकल्याचा आवाज आला.

ठक… ठक… ठक. मग थांबला. मग परत तीन.

काळूरामनं सुकाणू घट्ट धरलं. "कोनी बोलू नका," तो हळूच म्हणाला. "गिऱ्हा हाय."

तुम्ही घाटावरचे, तुम्हांला ठाऊक नसेल. बुडून मेलेल्याचं भूत, पाण्यात राहतं, त्याला आमच्याकडं गिऱ्हा म्हणतात. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, दिवा दाखवतो, ठोकतो. पाण्यावरच्या ठोकण्याला ओ द्यायची नाही, जवळ जायचं नाही. त्याचा वाटा द्यायचा आणि मागं न बघता निघायचं. बापजाद्यांपासून हीच रीत. काळूराम वाईट माणूस नव्हता हो. त्यानं देवाजवळचा नारळ घेतला, कपाळाला लावला आणि होडीच्या दिशेनं पाण्यात सोडला.

नारळ तरंगत गेला. होडीच्या तळाला लागला. टक.

आणि आतलं ठोकणं एकदम वाढलं. तीन नाही की चार नाही, धडाधड, धडाधड… दोन्ही हातांनी. आत जो होता त्याला वाटलं असणार, आलं कोणीतरी.

मचव्यावर एकजण रामनाम घ्यायला लागला. काळूराम म्हणाला, "बगा, लागला वाटा त्याला," आणि वल्हवायला सांगितलं.

मी सुतार आहे, साहेब. चाळीस वर्षं लाकूड ठोकून बघतोय. बाहेरून ठोकलेलं आणि आतून ठोकलेलं, ओलं आणि सुकं, पोकळ आणि भरीव, डोळे मिटून सांगेन. फळीमागं माणूस होता. हाडामांसाचा हात होता. माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी आणि पिशवीत वाकस. कुऱ्हाडीची बहीण म्हणा, आडव्या पात्याची. त्या तळाला भोक पाडायचं म्हणजे पाच घावांचं काम. त्याला हवा होता वाकस, आम्ही दिला नारळ!

मी का नाही बोललो? भूत-बित काही नाही, भ्यालो मी. सहाजणांत मी एकटा वेगळं बोलेन, आणि उद्या मचव्याला काही झालं तर माझ्या नावानं बोटं मोडतील, याला भ्यालो. एवढीशी भीती, साहेब. आम्ही खाडीत शिरेपर्यंत आवाज ऐकू येत होता, मी पिशवीच्या बंदाला गाठी मारत बसलो होतो.

चार दिवसांनी बाजारात कळलं, काशीराम कोळ्याची होडी लागली म्हणून. मग काय, अळीमिळी गुपचिळी. आम्ही सहाजण रस्त्यात भेटलो तरी एकमेकांच्या पायांकडं बघायचो. काळूराम दोन वर्षांत गेला. बाकीचे ओवे, विचुंबे अशा गावी इकडंतिकडं पांगले. कृष्णाबाईच्या "मेलेला कोनी पायला?" याला उत्तर देऊ शकेल असा मी एकटा उरलो. मी बोललो असतो तर त्या बाईनं बारा वर्षं दाराकडं डोळे लावले नसते. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तुझा दादला जिवंत होता आणि आम्ही निघून आलो?

तर ती फळी माझ्या दुकानात आली.

बाहेरचं डांबर तासलं, तर आत काय लाकूड! मधासारखा रंग, नदीच्या पाण्यासारख्या रेघा. हात आपोआप फिरायचा. मग उलटी केली. ही बाजू होडीच्या आतली. हिच्यावर खळगे होते. बोटाच्या पेराएवढे, बोथट कशानं तरी पाडलेले, जाळ्याला शिसं बांधतात त्याचे असावेत. तीन-तीनचे. आणि एका जागी नुसता चेचा झालेला, लाकडाचा भुगा उडालेला.

मी दार लावून घेतलं. भरदुपारी! चोराच्या मनात चांदणं. त्यावर रंधा मारला. एक हात, दोन हात, सहा हात मारले. ढलप्या निघत होत्या त्या ओल्या. बारा वर्षं उन्हात उभं असलेलं लाकूड, आणि ढलपी पिळली तर पाणी येईल अशी. वासही यायचा, तोंड बांधलेल्या माठात जुनं पाणी राहिलं की येतो तसा. शेवटी फळी साफ झाली. बोट फिरवून बघितलं, तुकतुकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खळगे होते. तेच. तीन-तीनचे.

मी स्वतःला म्हटलं, तुळशीराम, डोळे गेले तुझे, काल नीट तासलं नाहीस. पण हे माझं मलाच पटलं नाही. परत तासायची छाती झाली नाही. ती बाजू पेटीच्या आत गेली. कोपऱ्याला दात कातून सांधे बसवले, एक खिळा लावला नाही. वर पितळी जाळी. लाखेच्या पॉलिशचे चौदा हात दिले. कडा इतक्या मऊ केल्या, की आंधळ्यानं म्हणावं, हे काय लाकूड आहे की गाल? खोटं कशाला बोलू, मनातून घाबरलेला असूनही मला त्या पेटीचा अभिमान वाटत होता. तशी पेटी मी आयुष्यात दुसरी केली नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी कमळाकर अँप्लिफायर घेऊन आला. पेटीत बसवला. बघून त्याचे डोळे भरून आले. "आयस नाय म्हनूच शकनार नाय," म्हणाला. स्पीकर वेगळा होता, तो या खुंटीला टांगला. बटण दाबलं. जाळीतून व्हॉल्व्हचा लालसर उजेड दिसायला लागला. तबकडी लावलेली नव्हती, काहीच जोडलेलं नव्हतं. नुसती बारीक गुणगुण.

आणि स्पीकरमधून आलं… ठक… ठक… ठक.

मी पॉलिशची बाटली धरून तसाच उभा.

कमळाकर हसला! म्हणाला, "व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय." मग मला समजावून सांगितलं. काही व्हॉल्व्हच्या आतल्या तारा सैल असतात, मग व्हॉल्व्ह कान बनतो. काचेवर नख मारलं की स्पीकरमधून घंटेसारखा आवाज येतो. त्यानं मारून दाखवलं. पेटीवर टिचकी मारली, तीही आली. "लाकडात जे होईल ते हा ऐकनार," तो म्हणाला. "साग आवळत असंल, तडकत असंल. उगा घाबरलात, दादा."

त्यानं व्हॉल्व्ह बदलला. ठक ठक ठक. खाली रबराच्या चकत्या घातल्या. ठक ठक ठक. अँप्लिफायर पेटीबाहेर काढून टेबलावर ठेवला, आवाज बंद. परत पेटीत ठेवला, आवाज सुरू. असं त्यानं चारदा केलं. चौथ्या वेळी तो हसत नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "लाकूड तडकतं ते कसंबी तडकतं… तीनदाच का?"

"मी दुसऱ्या लाकडाची करून देतो," मी घाईघाईनं म्हणालो. "शिसवाची. चार दिवसांत देतो."

"परवा विधी हाय. आन आयशीला हीच फळी पायजे." तो माझ्याकडं बघत राहिला. "तुमी एवढे घामेजलात का?"

"पॉलिशचा वास चढतो मला."

बघा, देवानं तोंडात घास दिला होता. दुकानात आम्ही दोघंच होतो. तेव्हा बोललो असतो तर… जाऊ द्या. नाही बोललो.

पंचमीला तिसऱ्या प्रहरी पेटी कोळीवाड्यात नेली. मला यायचं नव्हतं, पण पेटी पसंत पडली नाही तर तिथंच काही सुधारावं लागेल म्हणून कमळाकरनं हत्यारांची पिशवी घेऊन यायला लावलं. घरात शेजारच्या आठ बाया बसलेल्या, उद्याच्या तयारीला. कोपऱ्यात पळसाच्या पानांचा भारा. आभाळ भरून आलं होतं, घरात अंधुकलेलं. कृष्णाबाई मधोमध बसली होती. साठीची बाई, सुक्या बोंबलासारखी वाळलेली, पण कपाळावरचं कुंकू जळजळीत. उद्या ते पुसणार होते.

टेबलावर पेटी ठेवली. ती उठली, जवळ आली. डोळे मिटून हात फिरवला. एकदा, दोनदा. बाया श्वास धरून होत्या.

"होडीच हाय," ती म्हणाली. "पाठ हाय तिची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सुतारभाऊ, तुजे हात देवाचे हायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमळाकरनं भजनाची तबकडी लावली. आवाज काय सुंदर लागला! बाया डोळे पुसायला लागल्या. कृष्णाबाई टेबलाशी उभी, पेटीवर तळवा ठेवून. म्हणाली, "बरं हाय. उद्याचा विधी होऊन जाऊ दे." कमळाकरनं मान खाली घातली, त्याचे खांदे सैल पडलेले मी बघितले. तबकडी संपली. त्यानं सुई उचलली. मी पिशवी उचलली, आता निघावं म्हणून.

ठक… ठक… ठक.

एक बाई म्हणाली, "दारावर कोन हाय, बगा गे." एक पोरगी उठलीही. दारात कोणी नव्हतं.

ठक… ठक… ठक. माझ्या दुकानात येत होता त्याच्या दुप्पट मोठा.

"काय नाय आये, व्हॉल्व्ह हाय," कमळाकर बोलायला लागला, पण मध्येच थांबून पेटीकडं बघायला लागला. कृष्णाबाईचा तळवा पेटीवरच होता. तिला ते हाताला लागत होतं. तिनं वाकून पेटीला कान लावला.

"आत… कोन हाय?"

आणि ते वाढलं. धडाधड, धडाधड, दोन्ही हातांनी. अगदी तसंच, नारळ लागल्यावर झालं होतं तसंच. बाया भिंतीला चिकटल्या. स्पीकरचा कागद फाटेल असं वाटत होतं. कृष्णाबाईनं मान वळवली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. सगळे पेटीकडं बघत होते, ती माझ्याकडं. मी खाली बसलो होतो. कधी बसलो मला माहीत नाही.

"सुतार," ती म्हणाली, "तू लाकडातला. हे काय हाय, ते तू सांग."

मी सांगितलं. सगळं. मोरा, काळूरामचा मचवा, गिऱ्हा, नारळ, वाकस. मला रडू येत होतं आणि मी मोठ्यानं बोलत होतो, कारण त्या धडधडीवरून आवाज पोचायला हवा होता. कमळाकर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

माझं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "किती येळ ठोकत व्हता?"

"आम्ही लांब जाईपर्यंत… खाडीत शिरलो तरी."

"तुला कळलं व्हतं?"

"कळलं होतं, कृष्णाबाई."

वाटलं, ही आता किंचाळेल, माझ्या तोंडावर थुंकेल. तसं काही तिनं केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या पिशवीकडं बोट केलं.

"वाकस हाय त्यात?"

"आहे."

"मंग फोड."

मी कमळाकरकडं बघितलं. तो वळलाच नाही.

"फोड म्हनत्ये ना!" ती ओरडली. "बारा वर्सं ठोकतोय त्यो! फोड!"

मी उठलो. वाकस दोनदा हातातून निसटला. दाताच्या सांध्यात पातं घातलं, माझ्याच हातानं बसवलेल्या सांध्यात, आणि घाव घातला. पहिला वाया गेला. दुसऱ्याला फट पडली. ठोकणं माझ्या घावांच्या मध्ये मध्ये येत होतं, मी बाहेरून एक, तो आतून एक. पाचव्या घावाला पुढची फळी सुटून जमिनीवर पडली.

ठोकणं थांबलं.

पेटीचं तोंड उघडं पडलं होतं. आत व्हॉल्व्ह जळत होते, शांत, लालसर. नुसती गुणगुण. आणि मग स्पीकरमधून श्वास घेतल्याचा आवाज आला.

माणूस पाण्याखालून वर येतो आणि घेतो, तसा. ओला, घशातून ओढलेला. लांबच लांब… मला वाटलं, आता थांबेल, आता थांबेल, तरी चाललाच होता, त्या घरातली सगळी हवा संपवील असा. मग थांबला.

आम्ही सगळे थांबलो. घेतलेला श्वास माणूस सोडतो. आठ बाया, कमळाकर, मी, सगळे तेवढ्यासाठी कान देऊन होतो. कृष्णाबाई टेबलाशी वाकून उभी होती, तोंड उघडं, जणू आपण सोडला म्हणजे तोही सोडील. दिवेलागण झाली. कोणी दिवा लावला नाही.

"घेतला त्यानी," ती शेवटी म्हणाली. "आता सोडंल."

सकाळी भटजी आले. तिनं त्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. श्वास घेतलेल्या माणसाचा पुतळा जाळायचा नसतो, म्हणाली. भटजींनी समजावलं, जातीतल्या म्हाताऱ्यांनी समजावलं, ती ढिम्म. पळसाची पानं गुरांनी खाल्ली. जे होऊन जावं म्हणून ती पेटी केली, ते माझ्या खरं बोलण्यानंच कायमचं राहिलं. बारा वर्षं गप्प बसलो तेव्हा ती वाट बघत होती, आणि बोललो तर आणखी वाट बघायला लागली. मला सांगा, काय करायला हवं होतं मी?

चार वर्षं जगली त्यानंतर. मला ती एक वावगा शब्द कधी बोलली नाही. रस्त्यात दिसलो की विचारायची, "आवाज ऐकलास का रे कुठं?" मी नाही म्हणून मान हलवायचो. चौसष्ट साली गेली, तेव्हा बायांनी मळवट भरून, हिरवा चुडा घालून, सवाष्ण म्हणून नेली. कमळाकरनं नाही म्हटलं नाही.

तो अँप्लिफायर त्यानं अजून बंद केलेला नाही. व्हॉल्व्ह जातात, नवे घालतो. पेटी करू का म्हणून मी एकदा विचारलं, तर नको म्हणाला, उघडाच बरा. मी जातो कधी कधी तिसऱ्या प्रहरी. तो स्टूल पुढं सरकवतो, मी बसतो. दोघंही ऐकत बसतो. श्वास आत घेतलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला, साहेब, त्या आठ बायांपैकी पाच अजून आहेत, कोणालाही जाऊन विचारा. सोडलेला अजून कोणी ऐकलेला नाही.